शिकवण्याच्या भारात नदीकाठाच्या सरकण्याचा अभ्यास कसा बसवावा?

नवीन_सहायक

नमस्कार. विद्यापीठाच्या भूगोल विभागात सहायक प्राध्यापक आहे. पदवीची प्रात्यक्षिकं, पदव्युत्तर वर्गाला भूरूपशास्त्र व दूरसंवेदन आणि दर वर्षीचं क्षेत्रकार्य माझ्याकडे आहे. संशोधनासाठी वाळू-गोट्यांच्या एका मध्यम नदीचा सुमारे ४० किमीचा पट्टा घेतलाय. हाताशी १९७०च्या दशकात सर्वेक्षण झालेला १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा, १९८४ नंतरची लँडसॅट उपग्रहांची चित्रं आणि २०१५ नंतरची सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं आहेत. दर पाच वर्षांनी एक काठरेषा काढायची आणि सरकण्याचा वार्षिक वेग द्यायचा, असा बेत आहे.

तीन गोष्टींवर मत हवंय. पाच वर्षांचा टप्पा ठीक आहे का? वर्गाचं क्षेत्रकार्य याच नदीवर नेलं, तर विद्यार्थ्यांनी घेतलेली मोजमापं शोधनिबंधात टिकतात का? आणि विभागात ओव्हन, तराजू व चाळण्यांचा एक संच आहे. तेवढ्यावर गाळाचं विश्लेषण विश्वासार्ह होईल का?

नकाशाघर

टप्पा ठरवण्याआधी चुकांचा हिशेब मांडा. नदी किती सरकते यापेक्षा तुमची साधनं किती सरकणं ओळखू शकतात, हे आधी कळायला हवं.

१:५०,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. रेखाटनातली तेवढी चूक गृहीत धरा. जिओरेफरन्सिंगची, म्हणजे नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवण्याची चूक, समजा, १८ मीटर आली. लँडसॅटच्या पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे टियर-१ चित्रांची स्थानचूक १२ मीटरच्या आत असते आणि ३० मीटरच्या पिक्सेलवर काठ ओळखताना अर्धा पिक्सेल, म्हणजे १५ मीटर इकडे-तिकडे होतं. या चारही चुका स्वतंत्र आहेत असं मानून वर्ग करा, बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा: साधारण ३६ मीटर. नकाशा आणि आजचं चित्र यांत ५० वर्षांचं अंतर असेल तर ही चूक वर्षाला ०.७ मीटर इतकी होते. ते चालण्यासारखं आहे.

आता हाच हिशेब पाच वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन लँडसॅट चित्रांना लावा. प्रत्येक चित्राचे १२ आणि १५ धरले तर एकत्रित चूक सुमारे २७ मीटर. पाचाने भागल्यावर वर्षाला ५.४ मीटर! तुमची नदी वर्षाला एक-दोन मीटर सरकत असेल, तर पाच वर्षांच्या नकाशात दिसणारं बहुतेक 'सरकणं' हे निव्वळ चित्रांचं आपसातलं हलणं असेल. त्यात निरपेक्ष मूल्यांची सरासरी घेतली तर चूक एकमेकींना कापत नाही, उलट साचत जाते आणि शांत नदीही चपळ दिसते. छापून आलेल्या बऱ्याच वेगांमागे हेच असतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून टप्पे असमान ठेवा. नकाशा, १९८० च्या दशकाची अखेर, २००० च्या आसपास आणि सध्याचं चित्र, एवढे चार टप्पे पुरतात. फार लांबच्या टप्प्यात काठ पुढे जाऊन परत आला तर तो हिशेबात येत नाही, हे निबंधात लिहा. जिथे नागमोडी वळण झपाट्याने सरकतंय असं दिसतं, तिथेच मधली चित्रं वापरा.

नकाशाबद्दल दोन-तीन गोष्टी. छपाईचं वर्ष घेऊ नका, सर्वेक्षणाचं घ्या. दोहोंत बरीच वर्षं जातात. नियंत्रणबिंदू म्हणून शक्यतो छापलेल्या जाळीचे छेद घ्या, रस्त्यांचे कोपरे नकोत. जुन्या स्थानिक डेटमवरचा (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या आधारावरचा) नकाशा थेट डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएसचा डेटम) मानून बसवला की शेकडो मीटरचं सरकणं फुकट मिळतं. आधी नकाशाचा मूळ डेटम नेमा, मग रूपांतर करा. पहिल्या घाताच्या बहुपदीला (नकाशा जागेवर बसवणाऱ्या गणिती सूत्राला) किमान तीन बिंदू लागतात आणि तिसऱ्या घाताच्या बहुपदीला दहा. बरोबर तेवढेच बिंदू दिले तर चूक शून्य दिसते, कारण तपासायला काही उरतच नाही. वीस बिंदू घ्या, पंधरांवर बसवा आणि उरलेल्या पाचांवर चूक मोजा. निबंधात ती पाच बिंदूंची चूक द्यायची. कागद एका दिशेने जास्त ताणला गेलेला असतो, तेवढं पहिला घात सांभाळतो. तिसरा घात मधे सुंदर बसतो आणि नदी नकाशाच्या कडेला असली की तिथे तिला वाकवतो. घडीची रेघ नदीवरून जात असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना बिंदू हवेतच. स्कॅन ३०० डीपीआयचं असेल तर एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ४ मीटर, म्हणजे याहून बारीक स्कॅनने फारसं हाती लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काठ म्हणजे पाण्याची कड नव्हे. पाणी मीटरभर उतरलं की उथळ वाळूच्या बाजूची कड कित्येक पिक्सेल आत जाते, काठ मात्र जागचा हललेला नसतो. कायम झाडोऱ्याची नदीकडची कड ही काठरेषा धरा, सगळी चित्रं कमी पाण्याच्या हंगामातली घ्या आणि जलमापन केंद्र जवळ असेल तर त्या-त्या दिवसाची पातळी तक्त्यात द्या.

पात्रमापक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, पण एका अटीवर. क्षेत्रभेट आखतानाच पुनर्मोजणी आखायला हवी. विद्यार्थी अननुभवी आहेत हा खरा अडथळा नाही. त्यांची चूक किती हे माहीत नसणं हा अडथळा आहे. एका गटाने मोजलेला छेद (पात्राच्या आरपार घेतलेल्या उंचींची रांग) दुसऱ्या दिवशी वेगळ्या गटाकडून पुन्हा मोजून घ्या, पहिल्याची वही न दाखवता. दोन मोजण्यांतला फरक ही तुमची निरीक्षक-चूक. ती ५ सेंटिमीटर आली, तर पुढच्या वर्षी दिसणारा २० सेंटिमीटरचा गाळ खरा मानता येतो. ती १५ आली तर मानता येत नाही, आणि मग तसं स्पष्ट लिहायचं.

चाळीस किलोमीटरभर विद्यार्थी पसरवू नका. एकच वळण निवडा, त्यावर पाच-सहा आडवे छेद कायमचे नेमा आणि दर वर्षी तेच मोजा. दोन्ही टोकांच्या खुणा काँक्रीटमध्ये बसवा, कोसळत्या काठापासून पुरेशा मागे. काठाला लागून ठोकलेली खूण पहिल्या मोठ्या पुरात नदी घेऊन जाते आणि आधीच्या सगळ्या मोजण्या निराधार होतात. एका खुणेवर विसंबू नका. मागे पक्क्या खडकावर किंवा पुलाच्या कट्ट्यावर तिसरी संदर्भखूण हवीच.

डंपी लेव्हलने (दुर्बिणीतून उभ्या पट्टीवरची उंची वाचायच्या उपकरणाने) काम करत असाल तर मागचं आणि पुढचं वाचन समान अंतरावरून घ्यायची सवय लावा, म्हणजे दृष्टिरेषेची चूक आपोआप कापली जाते. फेरी सुरुवातीच्या बिंदूवर आणून बंद करायची. साधारण कामाला बंद-चुकीची (फेरीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीतल्या फरकाची) मर्यादा १२√के मिमी धरतात, के म्हणजे फेरीची लांबी किलोमीटरमध्ये. चारशे मीटरच्या फेरीला ती साडेसात मिलिमीटरच्या आसपास येते. त्याबाहेर गेलं तर तिथेच, तंबू उठवण्याआधी, फेरी पुन्हा. बहुतेक वेळा चूक पट्टीच्या वाचनात पूर्ण डेसिमीटरची असते किंवा पट्टीधारकाने मऊ वाळूत पट्टी टेकवून ती मधल्या वेळात खचलेली असते. बदलबिंदूवर (उपकरण हलवताना पट्टी जिथे टेकलेली असते तिथे) सपाट दगड किंवा लोखंडी चकती ठेवली की दुसरा प्रकार संपतो. हातातल्या साध्या जीपीएसची उंची छेदाला वापरू नका, तिची चूक मीटरमध्ये असते. आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) मिळाला तर तो लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची देतो की जिओइडवरची (सरासरी समुद्रपातळीपासूनची), हे आधी तपासा. जगभरात हा फरक उणे शंभराहून अधिक मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत जातो.

वहीचा नमुना छापून द्या: छेद क्रमांक, उपकरण क्रमांक, तारीख-वेळ, निरीक्षक, लेखनिक, पाण्याची पातळी, मग वाचनं. पेन्सिलीने लिहायचं, खोडरबर बंद. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी नवा आकडा. संध्याकाळी प्रत्येक पानाचा फोटो.

प्रवाह मोजायचा असेल तर उथळ उभ्या रेषेवर पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर एक वाचन, खोल जागी ०.२ आणि ०.८ वर दोन वाचनं घेऊन सरासरी. वीसेक उभ्या रेषा घ्या आणि जिथे पाणी जास्त तिथे त्या दाट ठेवा. कुठल्याही एका खंडात एकूण प्रवाहाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी यायला नको. तरंगक वापरलात तर पृष्ठवेगाला साधारण ०.८५ ने गुणतात, पण खडबडीत उथळ पात्रात तो गुणक कमी भरतो.

सुरक्षिततेबद्दल तडजोड करू नका. खोली मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन गुणाकार १ च्या जवळ गेला, तर सराईत माणसानेही पाण्यात उतरू नये. विद्यार्थ्यांसाठी मी ०.५ ची मर्यादा सुचवीन. वरच्या बाजूला धरण असेल तर विसर्गाची वेळ विचारल्याशिवाय वर्ग पात्रात नेऊच नका.

चाळणी_६३

ओव्हन, तराजू आणि चाळण्या एवढ्यावर वाळूचं काम चोख होतं. गोट्यांचं आणि चिकणमातीचं होत नाही, त्याला वेगळे मार्ग आहेत.

गोटे आधी. जाड गाळाचा नमुना प्रातिनिधिक ठरायला त्यातला सर्वांत मोठा दगड एकूण वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जड नसावा, असा दंडक आहे. ६४ मिमीचा गोल गोटा साधारण ३६४ ग्रॅमचा, म्हणजे नमुना ३६ किलोचा! तेवढं वाहून आणण्यापेक्षा पात्रातच वोलमनची गोटेमोजणी करा, १९५४ पासून ती चालत आली आहे. ठरावीक अंतरावर बोटाखाली पहिला येईल तो दगड उचलायचा आणि त्याचा मधला अक्ष (सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांच्या मधलं माप) मोजायचा. शंभर दगडांवर मध्यक आकाराची ९५ टक्के खात्रीची मर्यादा ४० ते ६० व्या शतमकापर्यंत पसरते, चारशेंवर ४५ ते ५५ पर्यंत. वर्गात चाळीस विद्यार्थी असतील तर प्रत्येकी दहा दगड झाले की काम भागलं.

इथे काय बिघडतं ते नीट बघा. विद्यार्थी वाकतो, खाली बघतो आणि नकळत मुठीत मावणारा दगड निवडतो. बारीक खडे बोटाच्या टोकाला जाणवत नाहीत आणि अर्धे रुतलेले मोठे दगड निघत नाहीत म्हणून सोडले जातात. नजर बाजूला वळवून बोट सरळ खाली न्यायचं, हे चार-पाचदा करून दाखवा. रुतलेला दगड जागेवरच मोजा. फूटपट्टीऐवजी चौकोनी भोकांचं पत्र्याचं माप द्या, कारण मधला अक्ष कोणता यावर दोघांचं एकमत क्वचितच होतं. वाळूचा पट्टा आणि गोट्यांचा पट्टा एकत्र मोजू नका, प्रत्येकाचा नमुना वेगळा.

वाळूसाठी ४, २, १, ०.५, ०.२५, ०.१२५ आणि ०.०६३ मिमी असा संच लावा. नमुना चतुर्थांश पद्धतीने (ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोनच ठेवत) कमी करत १०० ग्रॅमच्या आसपास आणा. डब्यातून चमच्याने काढलात तर वरवरचा जाड भागच येतो. २०० मिमी व्यासाच्या चाळणीवर जास्त माल टाकला की वरचे कण जाळीपर्यंत पोचतच नाहीत आणि गाळ आहे त्यापेक्षा जाडा दिसतो. दहा ते पंधरा मिनिटं हलवा. शेवटी सगळ्या चाळण्यांवरचं आणि तळाचं वजन मिळून सुरुवातीच्या वजनाशी एक टक्क्याच्या आत जुळायला हवं. जुळलं नाही तर नमुना बाद. बारीक चाळण्यांना मऊ ब्रशच लावा, तारेच्या ब्रशने ६३ मायक्रॉनची जाळी फाकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

काठाच्या मातीत चिकणमाती असेल तर कोरडं चाळू नका. ढेकळं वाळूसारखी वागतात आणि चाळणीवर वाळू म्हणून मोजली जातात. पाच टक्क्यांच्या सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर भिजवा, मग ६३ मायक्रॉनवर पाण्याने धुवा. वर राहील ते वाळवून चाळा. हा नमुना १०५ अंशांवर आधी वाळवू नका, माती भाजल्यासारखी घट्ट होते; हवेत किंवा ४० अंशांवर वाळवा. ६३ च्या खालचं पिपेटने (पाण्यात ढवळलेल्या गाळातून ठरावीक वेळी, ठरावीक खोलीवरून थोडं पाणी काढून) करायचं असेल तर वेळापत्रक बघून करा: २० अंश तापमानाला दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर उतरायला सुमारे ८ तास घेतो. दुपारच्या प्रात्यक्षिकात ते बसत नाही. सकाळी पहिल्या तासिकेआधी ढवळून ठेवा, शेवटचा पिपेट संध्याकाळी काढा, आणि नळकांडी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. तापमान बदललं की हिशेब बदलतो.

नवीन_सहायक

सर्वांचे मनापासून आभार. चुकांचा हिशेब आजच मांडतो. अजून एक अडचण आहे. पाणी वेगळं काढायला एमएनडीडब्ल्यूआय (हिरव्या आणि लघुतरंग अवरक्त परावर्तनातून काढलेला पाण्याचा निर्देशांक) वापरतोय, पण शून्य ही सीमारेषा एका चित्रावर चालते, दुसऱ्यावर अर्धी शेतं पाण्यात दाखवते. लँडसॅट-७ च्या चित्रांतल्या रिकाम्या पट्ट्या भरून घ्याव्यात का? आणि एका संशोधक विद्यार्थ्याला भूआवरणाचं वर्गीकरण दिलंय, त्याची अचूकता ९६ टक्के येतेय. ती खरी मानावी का?

नकाशाघर

सीमारेषेआधी प्रमाणांक तपासा. लँडसॅट कलेक्शन-२ च्या परावर्तन चित्रात कच्च्या आकड्याला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करावे लागतात. गुणाकार गुणोत्तरात कापला जातो, वजाबाकी कापली जात नाही. हिरव्या पट्ट्यात (तरंगलांबीच्या) १०,००० आणि लघुतरंग अवरक्त पट्ट्यात ८,००० असं वाचन असेल, तर कच्च्या आकड्यांवर निर्देशांक ०.११ येतो. नीट रूपांतर केल्यावर परावर्तनं ०.०७५ आणि ०.०२० होतात आणि तोच निर्देशांक ०.५८ येतो. एक चित्र कच्चं, एक रूपांतरित, असं मिसळलं की कुठलीच सीमारेषा दोन्हींवर चालणार नाही. सेंटिनेल-२ मध्येही २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत कच्च्या आकड्यात १,००० मिळवलेले असतात, ते आधी वजा करायचे. 'हार्मोनाइझ्ड' संच घेतला असेल तर ती वजाबाकी आधीच झालेली असते, पुन्हा करू नका.

पट्टे बघून घ्या: लँडसॅट-५ व ७ ला दुसरा आणि पाचवा, लँडसॅट-८ ला तिसरा आणि सहावा, सेंटिनेल-२ ला तिसरा आणि अकरावा. अकरावा पट्टा २० मीटरचा आहे, त्यामुळे निर्देशांकाचं चित्र १० मीटरवर काढलं तरी काठाची खरी बारकाई २० मीटरचीच समजा. एवढं करूनही शेतं भिजलेली दिसत असतील, तर नदीभोवती एक-दोन किलोमीटरचा पट्टा कापून त्यातच ओत्सूच्या पद्धतीने (पाणी आणि जमीन हे दोन गट सर्वांत स्पष्ट वेगळे पाडणारा आकडा शोधून) प्रत्येक चित्राची सीमारेषा स्वतंत्र काढा. सबंध चित्रावर ओत्सू लावला तर पाणी इतकं थोडं असतं की सीमारेषा भलतीकडेच जाते.

लँडसॅट-७ ची ३१ मे २००३ नंतरची चित्रं काठरेषेला नकोत. तेव्हा उपग्रहावरचा स्कॅन-रेषा दुरुस्त करणारा भाग बिघडला आणि प्रत्येक चित्राचा सुमारे २२ टक्के भाग रिकाम्या पट्ट्यांत गेलेला असतो. भरलेल्या पट्टीतला काठ हा शेजारच्या पिक्सेलवरून किंवा दुसऱ्या तारखेवरून केलेला अंदाज असतो. त्या काळासाठी लँडसॅट-५ शोधा.

काठरेषा एकाच माणसाने एकाच प्रमाणावर, उदाहरणार्थ १:१०,००० वर, रेखाटाव्यात. काही आठवड्यांनी त्यातला दहावा हिस्सा जुनी रेघ न बघता पुन्हा रेखाटा. येणारा फरक वरच्या हिशेबातल्या १५ मीटरच्या जागी घाला. सलग अडीच-तीन तास मिळतील अशा दिवशीच हे करा. दोन तासिकांच्या मधल्या वेळात केलेली रेघ वेगळीच येते. परीक्षा आणि पेपर तपासणीच्या आठवड्यांत चित्रं उतरवणं, कापणं, नावं नीट लावणं एवढंच ठेवा.

दुसरा_समीक्षक

९६ टक्क्यांबद्दल. विद्यार्थ्याने प्रशिक्षणासाठी बहुभुज काढले असतील आणि त्यांतलेच पिक्सेल ७०-३० असे यादृच्छिक वाटले असतील, तर तो आकडा बाजूला ठेवा. एकाच शेतातला एक पिक्सेल शिकवायला आणि शेजारचा तपासायला गेला, तर शेजारी सारखाच असतो एवढंच सिद्ध होतं. नदीचा पट्टा पाच-सहा सलग तुकड्यांत वाटा, एक तुकडा पूर्ण बाजूला ठेवून बाकीच्यांवर शिकवा, मग तो तपासा, असं आळीपाळीने. अचूकता बहुधा उतरेल. उतरलेला आकडाच निबंधात जाऊ द्या.

तपासणीचे बिंदू वर्गीकृत नकाशाच्या थरांतून, म्हणजे प्रत्येक वर्गातून वेगळे, यादृच्छिक काढा आणि लहान वर्गांना, म्हणजे नवीन वाळूपट्टा, कोसळलेला काठ, यांना किमान ५० बिंदू द्या. क्षेत्रफळ नकाशातले पिक्सेल मोजून देऊ नका. चूक-सारणीवरून (नकाशातला वर्ग आणि जमिनीवरचा वर्ग यांच्या तक्त्यावरून) दुरुस्त करून, विश्वासमर्यादेसह द्या. कप्पा (योगायोगाने जुळणारा भाग वगळून काढलेला अचूकतेचा निर्देशांक) देण्याचा आग्रह सोडा. पाँटियस आणि मिलोन्स यांनी २०११ मध्येच त्याविरुद्ध सविस्तर मांडणी केली आहे. प्रत्येक वर्गाची निर्मात्याची (जमिनीवरचं किती नकाशात बरोबर आलं) आणि वापरकर्त्याची (नकाशातलं किती जमिनीवर खरं निघालं) अचूकता द्या, वाचकाला तेच हवं असतं.

लेखकांची नावं क्षेत्रकार्याला निघण्याआधी लेखी ठरवा. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मोजणी करणाऱ्या वर्गाचे ऋणनिर्देशात आभार. छेदांची रचना, विश्लेषण किंवा लेखन ज्याने केलं तो सहलेखक, मग तो पदवीचा विद्यार्थी असला तरीही. प्रबंधातलं मुख्य प्रकरण असेल तर संशोधक विद्यार्थ्याचं नाव पहिलं. वर्गाच्या मोजण्या गुणांशी जोडताना मात्र जपून: आकडा 'बरोबर' येण्याला गुण दिले तर मुलं शेजारच्या गटाचा आकडा उतरवतील आणि वर सुचवलेली पुनर्मोजणी निरुपयोगी होईल. वही पूर्ण असणं, फेरी बंद करणं आणि स्वतःची चूक मोजून लिहिणं, याला गुण द्या.